सहदेवचं नाक

वरूडच्या संत्रा मंडीत माल पारखायला सहदेवला बोलावत, ते त्याच्या नाकासाठी. शंभर क्रेटांत एक फळ नासलं असलं तरी तो जाता जाता बोट दाखवायचा. यंदा दिवाळीच्या तोंडाशी त्याला आठ दिवस ताप आला, सर्दी झाली. सर्दी गेली अन् जाताना वासही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, येईल परत, घाई करू नका. सहदेवनं घाई केली नाही, अन् कोणाला सांगितलंही नाही. मंडीत तो आता फळ दाबून पाहत होता.

खरी पंचाईत सव्वीस जानेवारीची होती.

त्या दिवशी त्याचा शाळेपासूनचा दोस्त शेषराव याच्या वावरात रोडगे असत. तीस वर्षांचा रिवाज. गहू रवाळ दळायचा, मुठीएवढे रोडगे वळायचे, गोवऱ्या जळून निखाऱ्यांचा आर पडला की त्यात पुरायचे. वांग्याची भाजी शेषरावची, वरण त्याच्या बायकोचं, पार्बताबाईचं, अन् आर सहदेवचा. रोडगे कधी काढायचे ते तो वासावरून सांगे. एका साली ट्रकवाल्या प्रीतमनं घाई केली, तर मधात कच्चे निघाले अन् पोट्ट्यांची पोटं दोन दिवस वाजत होती. तेव्हापासून नियमच पडला. पहिला रोडगा सहदेवनं फोडायचा, कच्चा निघाला तर तो त्याच्याच ताटात, अन् त्याच्यामधात कोणी बोलायचं नाही.

झेंडावंदन करून शेषरावची नात अपेक्षा अन् प्रीतमचा अंकुर युनिफॉर्मातच वावरात आले, हातात बुंदीची पुडी. सहदेवनं यंदा मोबाइलच्या घड्याळावर भरवसा ठेवला होता. पाऊण तास. पण गोवऱ्या कडकडीत वाळलेल्या होत्या, आर मोठा पडला होता, अन् ते घड्याळाला काय माहीत?

अर्ध्या तासातच अपेक्षा म्हणाली, "आबाजी, जळून राह्यलं."

सहदेव वाकला. मोठा श्वास घेतला. ऊन हवा आत गेली, बाकी काही नाही.

"टाइम हाये अजून."

शेषराव वांगी हलवत राहिला. पार्बताबाईनं पदर नाकाला लावला. प्रीतमनं अंकुरला उगाच दूर नेलं. वास साऱ्यांना येत होता. पण सहदेव म्हणतो टाइम हाये, म्हणजे आपल्यालाच कळत नसेल, असं ज्यानं त्यानं मनाशी धरलं.

पाऊण तास भरल्यावर आर उकरला. सहदेवनं पहिला रोडगा फोडला. चहूकडून काळा, मधात लिंबाएवढा पांढरा.

"हे रोडगे होय का कोळसे?" शेषरावनं विचारलं.

"तुमाले वास नाई आला?"

"आला ना."

"मंग बोलले काहून नाई?"

"तू बोलला टाइम हाये. तुह्यामधात कोण बोलते इथं?"

सहदेव काडीनं राख ओढत बसला. "मले दिवाळीपासून कायचाच वास येत नाई," तो म्हणाला. "सांगतलं असतं तर आराजवळ बसू देलं असतं का तुमी?"

शेषरावनं जरा विचार केला. "नसतं देलं."

"मंग."

"अर्धी कणीक उरली हाये," पार्बताबाई म्हणाली. "भांडा जेवल्यावर. पोट्टे बुंदीवर किती येळ काढतीन?"

दुसऱ्या खेपेला चिमटा घेऊन शेषराव बसला. सहदेव मागं उभा राहिला, हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना.

वीस मिनिटांत शेषराव म्हणाला, "झाले."

"कायचे झाले?" प्रीतम म्हणाला. "कणकीचाच वास येऊन राह्यला."

"झाले, झाले," अपेक्षा म्हणाली.

"अर्धे झाले," पार्बताबाई म्हणाली.

"मले भाजीचा वास येते," अंकुर म्हणाला.

बरीच बाचाबाची झाली. शेवटी शेषरावनं चिमटा मागं केला. "घे बावा. पाच नाकं हायेत, पण मेळ एकाचा नाई."

सहदेव बसला. थोडं थांबला. एक रोडगा काढून राख झटकली, तळहातावर तोलला, अंगठ्यानं दाबला, फोडला. मधात शेंगदाण्याएवढा कच्चा होता. तो त्यानं आपल्या ताटात टाकला, बाकीच्यांवर आर ओढला, अन् अपेक्षाला जवळ बसवलं.

"आता जळाले लागलं का बोलजो. मी नाई म्हणलो तरी बोलजो."