टाचणीबाईंचं माप

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी शेजारच्या लाँड्रीच्या पाटीखाली अशी दडपून गेली होती की ते नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकी सगळ्यांसाठी त्या टाचणीबाई. एक तर चणच तशी, बारीक आणि सरळ, आणि उंची इतकी कमी की कोणाच्याही हाताखालून न वाकता निघून जातील. शिवाय कामाच्या वेळी ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. त्या टाचण्यांसकट त्या बोलत, हसत, गिऱ्हाइकाला दटावत आणि फोनवर थोरल्या मुलाची खरडपट्टीही काढत. टाचणी पडलेली कोणी पाहिली नाही.

धंदा कपड्यांच्या दुरुस्तीचा. नवीन काही शिवायचं नाही, दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं, आत घ्यायचं नाहीतर बाहेर सोडायचं. आजारातून उठून ढगळ झालेले लोक येत, आणि स्वतः सुटलेले असूनही “कपडा आटला हो” म्हणणारेही येत. आटलेल्या कपड्यांच्या कहाण्या टाचणीबाई चेहरा गंभीर ठेवून ऐकत. गिऱ्हाईक गेलं की मग लाँड्रीवाल्याकडे बघून पोटभर हसत.

त्यांचा एक नेम होता. कापायचं नाही. कितीही आत घ्यायचं असो, जादा कापड शिवणीच्या पोटात मुडपून ठेवायचं. शिवणकामात त्याला माया म्हणतात, आणि टाचणीबाई ती इतकी सोडत की कोटाच्या आत अजून एक कोट आहे की काय असं वाटावं. गिऱ्हाईक कुरकुरलं की टाचण्यांच्या फटीतून उत्तर ठरलेलं.

“असू द्या. पुढे कोणाला तरी होईल.”

हे ‘पुढे कोणाला तरी’ त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. बहिणींमध्ये त्या शेंडेफळ. थोरलीचा फ्रॉक मधलीला, तिचा तिच्या धाकटीला, असं करत करत तो टाचणीबाईंपर्यंत पोचेस्तोवर त्यावरच्या छापील फुलांच्या पाकळ्या उडालेल्या आणि नुसते देठ उरलेले. लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका ताडमाड माणसाशी. दोन्ही मुलं बापावर गेली. घरातल्या सगळ्या वस्तू वरच्या फळीवर आणि टाचणीबाई कायम स्टुलावर. स्वतःसाठी काही घ्यायचं झालं तरी त्या आधी मनातल्या मनात ते घरातल्या सगळ्यांना घालून बघत. छत्री घेतली ती नवऱ्यालाही पुरेल अशी. हातमोजे घेतले ते धाकट्यालाही होतील असे. मग धाकट्याने ते हरवले, हेही ओघाने आलंच.

अशा बाईंना डोंगराचा नाद लागला तो दुकानामुळे. समोरच्या बसथांब्यावर शनिवारी सकाळी पाठपिशव्या लावलेली एक टोळी जमायची. त्यांच्या पिशव्यांचे पट्टे तुटत, जॅकेटच्या चेनी अडकत, आणि ते सगळं टाचणीबाईंकडे येई. टोळीचे म्होरके म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. दर वर्षी हे लोक वर डोंगरात एका तळ्याकाठी मुक्काम करत. परत आले की त्यांच्या पँटच्या घोळात अडकलेली तिथली बारीक चंदेरी वाळू टाचणीबाईंच्या टेबलावर सांडायची. बाई ती झटकायच्या नाहीत. बोटाने एका कोपऱ्यात गोळा करून ठेवायच्या. पहाटे त्या तळ्यावर वाफ तरंगते आणि ऊन पडलं की अख्खी वाफ एकदम उठून जाते, असं एकाने पँट आखूड करून घेताना सांगितलं होतं. ते ऐकण्याच्या नादात त्यांनी पँट जरा जास्तच आखूड केली, असं तो अजून सांगतो.

शेवटी मास्तरांनीच विचारलं, “बाई, नुसत्या आमच्या पिशव्या शिवत बसणार का? या की एकदा.”

गेल्या. आणि गेल्या त्या जातच राहिल्या. पाय बारीक पण चिवट. धापा टाकणाऱ्या तरुणांना मागे टाकून त्या वरच्या दगडावर बसून त्यांची वाट बघत, शिवाय कोणाच्या बाह्या उसवल्यात तेही लक्षात ठेवत. या वर्षी मास्तर म्हणाले, आता तळ्यालाच चला, फक्त स्वतःची स्लीपिंग बॅग हवी. त्या रात्री टाचणीबाईंनी नवऱ्याला ही बातमी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदाही त्यांनी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. माणूस गुणाचा.

बॅग घ्यायला त्या एकट्याच गेल्या. दुकानातली मुलगी चांगली होती. तिने यांच्याकडे एकदा नखशिखांत पाहिलं आणि सरळ एक लहान मापाची बॅग काढली. पिवळीधमक.

“काकू, ही तुमची.”

टाचणीबाईंनी ती हातात घेतली, उलटी करून शिवण पाहिली, आणि विचारलं, “ही अजून कोणाला होईल?”

“कोणाला म्हणजे?”

“आमचे हे आहेत, दोन मुलगे आहेत. सगळे उंच.”

“नाही हो, त्यांना कशी होईल? पण झोपणार तुम्ही ना?” मुलीने समजावून पाहिलं. “काकू, बॅग अंगासरशी असावी. ती स्वतः गरम नसते. आतली हवा आपल्याच अंगाने तापवायची असते. जागा जास्त राहिली की तापवता तापवता जीव दमतो.”

टाचणीबाईंनी मान डोलावली. गिऱ्हाइकाला पटवायला आपणही काय काय सांगतो हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी बोट दाखवलं ते सगळ्यात मोठ्या बॅगेकडे. निळी, लांबरुंद, ऐसपैस. दुकानातल्या गालिच्यावर त्या तिच्यात शिरून बघायला म्हणून गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन परत आली तर तिला बॅग रिकामीच वाटली. ती उचलायला वाकली तेव्हा आतून आवाज आला, “मस्त आहे. थोरला आरामात मावेल.”

घरी आल्यावर मात्र बॅगेचा पसारा बघून त्यांनाही कळलं की पायाकडची जागा फारच झाली. पण शिवणारणीला त्याची काय चिंता? त्यांनी बॅगेच्या खालच्या भागात आडवा धावदोरा घातला. मोठे मोठे, कच्चे टाके. पुढे कोणाला लागली तर एका झटक्यात दोरा ओढला की बॅग पूर्ववत. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी ती नवऱ्याला दाखवली.

“छान,” ते म्हणाले. “पण रुंदीचं काय?”

“रुंदीला काय होतंय? कूस वळायला बरी.”

मास्तरांची एक अट असायची. तळ्याला जाण्याआधी प्रत्येकाने पायथ्याच्या मैदानात एक रात्र काढून दाखवायची. वर गेल्यावर एक जण जरी काकडला तरी सगळ्यांना घेऊन खाली उतरावं लागतं, म्हणून ही परीक्षा. सगळे गेले, झोपले. सकाळी सगळे उठून चहाभोवती जमले, तेव्हा टाचणीबाई बॅगेत बसून होत्या. ओठ जांभळे. धावदोरा केव्हाच सुटला होता, पाय त्या रिकाम्या निळ्या पोकळीत जाऊन बर्फ झाले होते, आणि अंगावरचा कोट पायाशी कोंबला म्हणून आता खांदेही गारठले होते. कोणीतरी चहाचा पेला हातात दिला. ज्या बोटांतून सुई कधी निसटली नाही त्या बोटांतून पेला निसटला.

मास्तर शेजारी उकिडवे बसले. आवाज मऊच होता.

“बाई, वर याच्याहून कितीतरी जास्त थंडी असते. या आठवड्यात बॅगेचं काही जमलं तर बघा. नाहीतर या खेपेला राहू द्या. पुढच्या वर्षी जाऊ.”

टाचणीबाई “हो” म्हणाल्या. उभा जन्म दुसऱ्यांना ‘पुढे’ म्हणून सांगितलं, पण तोच शब्द आपल्याला ऐकायला लागला की इतका लागतो, हे त्यांना त्या सकाळी कळलं. बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

घरी आल्यावर त्यांनी बॅग कपाटावर टाकली, म्हणजे स्टुलावर चढून ढकलली, आणि जाहीर केलं की आता अंगात ऊब राहिली नाही, वय झालं, डोंगर पुरे. थोरला म्हणाला, “मग मला होईल ती.” तो काही वाईट मुलगा नव्हता. या घरात आईची वस्तू अशीच पुढे जाते, एवढंच त्याला ठाऊक होतं. टाचणीबाईही सवयीने म्हणाल्या, “घे.” आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ उगाचच मोठा सोडला.

नवऱ्याने ते ऐकलं. माणूस अबोल, पण वर्षानुवर्षं लिफ्टच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा. नळाचा आवाज त्यांना पुरला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हायच्या सुमारास ते काखेत निळी बॅग मारून टाचणीबाईंच्या दुकानात आले. दाराच्या चौकटीला नेहमीप्रमाणे कपाळ आपटून घेतलं, बॅग कापायच्या टेबलावर पसरली आणि म्हणाले, “झोप.”

“अहो, कुठे?”

“यावर.”

“लोक बघतील की!”

“लाँड्रीवाला बघेल. तो रोज बघतोच आहे.”

टाचणीबाई हसत, लाजत टेबलावर चढल्या आणि बॅगेवर आडव्या झाल्या. नवऱ्याने टेप घेतली. आधी उलटी धरली. मग खांदे मोजले, आकडा विसरले, पुन्हा मोजले. खांद्यापासून टाचेपर्यंत मोजताना टेप घसरली तेव्हा तिचं एक टोक स्वतःच्या हनुवटीखाली दाबून धरलं. शेवटी खडू घेऊन त्यांनी बायकोच्या अंगाभोवती रेघ मारायला घेतली, हळूहळू, जीभ दातांत धरून, शाळकरी पोराने नकाशा काढावा तशी.

टाचणीबाई छताकडे बघत पडून होत्या. अख्ख्या वस्तीची मापं त्यांना तोंडपाठ. लाँड्रीवाल्याची कंबर, मास्तरांची डावी बाही उजवीपेक्षा किती लांब, सगळं. पण नवरा पुटपुटत होता त्या आकड्यांपैकी एकही आकडा त्यांच्या ओळखीचा नव्हता. आपलं माप कोणी घेतल्याचं त्यांना आठवेना. डोळे भरून आले. आडवं पडल्यामुळे पाणी सरळ कानात गेलं.

“हलू नकोस गं. रेघ बिघडते.”

त्या उठून बसल्या तेव्हा निळ्या कापडावर एक इवलीशी आकृती उमटली होती. आजूबाजूला कापडच कापड. त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि मोठी कात्री उचलली. हात तिथेच थांबला.

“एकदा कापली की कोणालाच व्हायची नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही होणार,” ते म्हणाले.

“थोरल्याला सांगितलंय मी.”

“त्याला मी सांगतो.” त्यांनी खडूचे हात पँटला पुसले. “माया किती सोडायची?”

टाचणीबाईंनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचल्या आणि मोकळ्या तोंडाने म्हणाल्या, “टिपेपुरती.”

कात्री चालली. कापूस बाहेर आला तसा त्यांनी आत ढकलला, काठ दुमडला, मशीनवर घेतला आणि वरून परत एक टीप मारली, पक्की. हात एकदा चालायला लागल्यावर त्यांना नवऱ्याचंही भान राहिलं नाही. ते स्टुलावर बसून उरलेले तुकडे घडी करत होते. घडी वाईट करत होते, पण करत होते.

तळ्यावर काय झालं ते मास्तर सगळ्यांना सांगतात. पहाटे सगळे काठावर जमले, वाफ तरंगत होती, आणि टाचणीबाईंचा पत्ता नाही.  मास्तर धावत जाऊन बघतात तर बाई निळ्या बॅगेत गाल लाल करून गाढ झोपलेल्या. हलवून हलवून उठवावं लागलं. मग त्या तशाच, बॅग छातीपर्यंत ओढून, उड्या मारत काठापर्यंत आल्या, आणि ऊन पडून वाफ उठताना त्यांनी पाहिली.  उतरताना त्यांनी स्वतःच्या पँटच्या घोळातली वाळू कोणाला झटकू दिली नाही.

घरी आल्यावर त्यांनी बॅग उन्हात टाकली. थोरला गॅलरीत आला. बापाने त्याला काय सांगितलं होतं ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं, किंवा राहूनही सवय मोठी.

“आई, आमच्या ऑफिसातले सगळे पुढच्या महिन्यात चाललेत. तुझी बॅग नेऊ?”

टाचणीबाईंनी त्याला खांद्यापासून पायापर्यंत नजरेने मोजलं, जसं त्या त्याला जन्मापासून मोजत आल्या होत्या. मग दोरीवरची बॅग काढून त्याच्या अंगाला लावली. ती जेमतेम त्याच्या छातीपर्यंत पोचली.

“तुला नाही व्हायची रे,” त्या म्हणाल्या. “मला झाली.”

आणि त्यांनी ती परत दोरीवर टाकून नीट पसरली.