शेवंताअक्कांच्या केसेस

शेवंताअक्का माणसं नावाने ओळखत नसत. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बाईकडे बोट दाखवत आणि पाहुण्यांना सांगत, "हाई मनी केस शे." केस म्हणजे कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेली बाई. धुळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात त्या तीस वर्षं नर्स होत्या, आणि ऑपरेशनांचं सरकारी टारगेट पुरं केल्याशिवाय त्यांनी एकही मार्च जाऊ दिला नाही. मला त्या कधीच आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

माझी आईही त्यांची केस. धाकटा भाऊ सव्वा महिन्याचा असताना अक्कांनी तिला जीपमध्ये बसवून शिबिराला नेलं. आई नको म्हणत होती. चौथ्या वर्षी भाऊ तापाने गेला. भेटायला आलेल्या अक्का आईला म्हणाल्या, "एक पोर शे ना आते बी." त्या दिवसापासून आमच्या घराने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढे मी गावातल्याच शाळेत शिक्षिका झाले. दरवर्षी पट घसरत गेला. तरुण जोडपी सुरतेला, पुण्याला गेली. राहिली त्यांना एकच मूल. शेवटी वर्गात सात मुलं उरली. मग वरून एक साहेब आले. ग्रामसभेत म्हणाले, ही मुलं शेजारच्या गावी जातील, इमारतीत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र करू. टीव्ही येईल, आठवड्याला बीपी तपासतील. सभेला बसलेले बहुतेक साठीपुढचे, त्यामुळे सगळे खूश. ठरावावर पहिली सही करायला अक्का उठल्या.

माझा तोल सुटला. गावातली पोरं तुम्हीच बंद केलीत, आता शाळाही घ्या, असं मी भर सभेत म्हणाले. त्या चिडल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "तवय सरकारनी सांगं, मी कयं. आते बी सरकारच सांगस. म्हतारासले मत शे, बाई. पोरेसले शे का?" आणि सही ठोकली. म्हाताऱ्यांना मत देता येतं, पोरांना नाही, हे कुठल्याही साहेबाने मला इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. म्हणून तर जास्त राग आला.

शाळा बंद झाली. सातातल्या दोन मुलींचं शिक्षण पहिल्याच पावसाळ्यात सुटलं. माझी बदली असोद्याला झाली.

गेल्या दिवाळीत मी आईकडे आले होते, तेव्हा अक्का वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, पुतण्या नाशिकहून पोचेना. केंद्रातले म्हातारे खुर्च्यांवरून उठले, हात जोडले आणि परत बसले; नाल्याकाठच्या स्मशानापर्यंत चालायची ताकद कुणाच्याच गुडघ्यांत नव्हती. कापूस वेचायला आलेले सातपुड्याकडचे दोन मजूर आणि एक ट्रॅक्टरवाला, असे तिघे मिळाले. चौथं माणूस अख्ख्या गावात सापडेना. आईने आतून दार लावून घेतलं. मी चपला काढल्या आणि खांदा दिला. नाल्यापर्यंत खांदा बदलायला कुणीच आलं नाही. अक्का जड होत्या. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.