साखऱ्याला पाणी

धायरीत सोजरबाईंचं घर शोधायला पत्ता लागत नाही. हिरवे पत्रे दिसले आणि पत्र्यांमागून काँक्रीटच्या प्लांटची घरघर ऐकू आली, की आत वळायचं. तीन बाजूंना पत्रे, चौथीकडे मिक्सर गाड्यांचा रस्ता आणि मधे बाईंच्या दोन खोल्या नि एक आंब्याचं झाड. बघणाऱ्याला वाटावं, काय घेरलंय बिचारीला लोकांनी! लोकांनी कसलं डोंबल घेरलंय? प्लांटला जमीन भाड्यानं दिली ती बाईंच्याच लेकानं, रणजितनं, आणि करारावर अंगठा बाईंचा. आता तक्रार करायची तरी कुणाची?

रणजित वाईट नव्हता हो. पण कंपनीनं कामावरून कमी केल्यावर हा गडी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बाई जेवणाचं ताट ठेवायच्या आणि तसंच उचलायच्या. प्लांट आला, भाडं सुरू झालं आणि पोरगा दाढी करून माणसांत बसायला लागला. ते बघितलं आणि बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. खोकला आला तर पदरात खोकायचं, बस्स.

झाड मात्र खिडकी लावून घेणार कसं? त्या आंब्याला साखऱ्या म्हणत. बाईंच्या मालकांनी लावलेला. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नैवेद्याला साखऱ्याचाच आंबा, आणि तोवर घरात कुणी आंब्याला तोंड लावायचं नाही. मालक गेल्यापासून नैवेद्य त्यांच्याच नावानं व्हायचा. पूर्वी मोहराच्या दिवसांत झाडाखाली नुसती गुणगुण असायची, माश्या, भुंगे, काय नि काय! प्लांट आल्यापासून मोहर यायचा, राखाडी व्हायचा आणि गळून पडायचा. खारी कुठं गेल्या, देव जाणे. गेल्या वर्षी रणजितनं बाजारातून हापूसची पेटी आणली. बाईंनी नैवेद्य दाखवला, पण ताटाशेजारी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांना परक्याचं खाऊ घातलं म्हणून त्या रडल्यासुद्धा.

यंदा साखऱ्या भरभरून मोहरला आणि बाईंनी कंबर कसली. पूर्वी रस्त्याकडेच्या पेरूंवर धुरळा बसला की मालक फवारणीचा पंप पाठीला लावून झाडं धुवायचे. धुरळा तो धुरळा! बाईंनी माळ्यावरून पंप काढला. रोज उन्हं कलली की शिडीवर चढून फांद्यांवर बारीक फवारा. सुनेनं, श्रद्धानं, खालून हाका मारल्या, "आई, पडाल हो!" पण ऐकतंय कोण?

आता पेरूवरचा धुरळा मातीचा होता आणि हा होता सिमेंटचा. सिमेंटला पाणी मिळाल्यावर ते काय करतं, हे प्लांटच्या दारात राहणाऱ्या बाईला कुणी शिकवायला हवं का? पण झाडाच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही. एके दिवशी त्यांनी पान चुरगाळलं, तर ते कटकन मोडलं. मोहराचा तुरा हातात घेतला, तो दगडासारखा. पानोपान कवच धरलं होतं. बाई शिडीवरच मट्कन बसल्या.

"अगं बया, म्या गिलावा केला गं झाडाला!"

त्यानंतर त्या ओल्या फडक्यानं एकेक पान खरवडत बसायच्या. फांद्यांच्या टोकाला कोवळी पालवी डोकावत होती, तेवढ्यावर त्यांचा जीव टांगलेला.

अशात शेजारच्या सोसायटीनं प्लांटच्या धुळीची तक्रार केली आणि तपासणीला सरकारी साहेब आले. प्लांटच्या सर्वांत जवळ राहणारं माणूस म्हणून त्यांनी बाईंनाच विचारलं, "आजी, धुळीचा त्रास होतो का आपल्याला?"

रणजित साहेबांच्या मागे उभा होता. चेहरा पुन्हा त्या भिंतीकडे तोंड केलेल्या दिवसांसारखा. बाईंच्या घशात खोकला दाटला. तो त्यांनी गिळला.

"न्हाई वो. कसला तरास?"

"मग हे झाड असं का झालंय? आहे तरी कसलं?"

आंब्याचं झाड, आणि ओळखू येईना! बाईंचं काळीज तुटलं. पण एकदा नाही म्हटल्यावर मागं कसं फिरायचं?

"वठलंय त्ये. लई जुनं हाय."

साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रणजित यांत्रिक करवत आणि ती चालवणारा माणूस घेऊन आला. "गाड्या वळवायला जागा हवीच होती प्लांटवाल्यांना. मीच आजवर टाळत होतो, तुझं झाड म्हणून. पण तूच म्हणालीस ना, वठलंय?"

बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. जितं आहे म्हणावं, तर साहेबांना सांगितलेलं खोटं ठरतं. मग प्लांट गेला आणि पोरगाही गेला. त्यांनी मान हलवली. करवत सुरू झाली. थोडी आत शिरली आणि खोडातून चीक वाहायला लागला. रणजितनं हात वर करून माणसाला थांबवलं. बोटांना चिकटलेला चीक बघितला, मग आईकडं बघितलं.

"आई... अगं, हे तर जितं आहे."

"माहीत हाय मला," बाई म्हणाल्या. "काप."