ओलांडून जायची पायरी

नाशिकला निघाले आहे असं सांगितलं, की आमच्या सांगलीत कुणी ‘कशाला’ म्हणून विचारत नाही. शेजारच्या वहिनींनी तर माझ्या हातात नारळच ठेवला. “माझ्या नावानं त्र्यंबकेश्वराला वाढवा,” म्हणाल्या. मी एका फादरांच्या निरोपाला चालले आहे, हे सांगण्याचा मला धीर झाला नाही. नारळ पिशवीत टाकला आणि गाडीत बसले.

बोलावणं मार्थाचं होतं. मिरजेत आम्ही दोघी एका खोलीत भाड्यानं राहत होतो. ती नर्सिंग शिकायची, मी डी.एड. करायचे. पुढे तिची सगळी नोकरी नाशिकला झाली आणि निवृत्तीनंतर तिनं इंदिरानगरात घर केलं. फोनवर म्हणाली, “आमचे फादर जातायत. त्यात एक भांडण होऊन बसलंय. तू ये, तुला बघायला आवडेल.” लोकांची भांडणं लांबून बघायला मला आवडतात, हे तिला खोलीत राहत असल्यापासून ठाऊक आहे.

सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात उतरले. ट्रक, बस, रिक्षा आणि मधून हातगाडी ढकलणारा एक केळीवाला, असा तो चौक. रिक्षावाल्याला इंदिरानगर सांगितलं. त्यानं माझी साडी पाहिली, पिशवीतून डोकावणारा नारळ पाहिला आणि मला थेट पंचवटीत नेलं.

“मी इंदिरानगर म्हणाले होते,” मी म्हटलं.

“हो मावशी, पण आधी दर्शन करून घ्या ना. सगळे आधी इथंच येतात.”

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी लांबूनच नदीला हात जोडले आणि रिक्षा वळवायला लावली. मार्थाच्या दारात पोचले तेव्हा मिसळ गार झाली होती आणि मार्था तापली होती. मिसळ तिनं पुन्हा गरम केली. इथे मिसळीबरोबर पापड आणि दही देतात, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा आमच्याकडच्यापेक्षा समजूतदार असतो. कोल्हापूरकडच्या नातेवाइकांनी हे वाक्य वाचू नये.

दुपारी तिच्या स्कूटरवर मागे बसून सातपूरला गेले. साठी उलटलेली ही बाई ट्रकच्या शेजारून अशी काही गाडी काढते, की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कारखान्यांची लांबच लांब कुंपणं होती, पाळी सुटलेली माणसं होती आणि त्यांना भरून घेणाऱ्या बसगाड्या होत्या. मे महिन्याचं ऊन पत्र्यांवरून उसळत होतं. एका गल्लीच्या टोकाला लहानसं चर्च, आणि त्याच्या आवारात नवं पाळणाघर. कारखान्यांत जाणाऱ्या बायका आपली लेकरं इथे ठेवतात. त्यात मार्थाच्या समाजाच्या थोड्या, बाकी सगळ्या इतर.

पाळणाघराच्या दारात मी पहिली गंमत पाहिली. आत जाणारी प्रत्येक बाई दाराशी थांबायची, साडी वर धरायची आणि पायरीवर पाय न ठेवता टांग टाकून आत जायची. जाण्याआधी एक-दोघींनी वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पायरीच्या कोपऱ्यात झेंडूची फुलंही होती. मला वाटलं, सिमेंट ओलं असेल. मीही पदर खोचून टांग टाकली.

आत सिस्टर रोझ होत्या. पाळणाघर त्या चालवतात. पांढरी साडी, गुडघेदुखी आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. मी म्हटलं, “सिमेंट वाळायला अजून किती वेळ लागेल?”

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते वाळलंय. अडचण वेगळीच आहे. नीट बघा.”

मी वळून पाहिलं. काळ्या पाषाणाची घोटीव शिळा होती. तिच्यावर वेल, वेलीत क्रूस, आणि खाली सुरेख अक्षरांत कोरलं होतं: फादर इनास यांनी ही वास्तू उभी केली.

मग मार्थानं आवारातल्या बाकावर बसून भांडण सांगितलं. फादर इनास मूळचे वसईचे. या पॅरिशमध्ये (एका फादरकडे सोपवलेल्या लोकवस्तीत) ते बरीच वर्षं होते. कॅथलिक फादरांची बदली होते, आणि बिशपांचा हुकूम आला की बॅग भरायची. तिथे ‘मला इथेच राहू द्या’ नसतं. आता त्यांना सुरगाण्याच्या डोंगरात जायचं होतं. पाळणाघर बांधताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, की कुठेही माझं नाव लावायचं नाही. विटा कामगारांनी वाहिल्या, रंग बायकांनी दिला, मी नुसता आरडाओरडा केला, असं ते म्हणायचे. मार्थाच्या मते त्यांनी तो बराच केला.

ऐकलं नाही ते सायमन पगारेनं. सायमन एका कारखान्यात ग्राइंडरवर आहे, पण त्याचं घराणं पाथरवटांचं, पाटे-वरवंटे घडवणाऱ्यांचं. त्याची बायको कॅन्सरनं अंथरुणाला खिळली, तेव्हा सायमन दुपारपाळीला गेला की फादर तिच्याजवळ बसायचे आणि तिला चमच्यानं पेज भरवायचे. ती गेल्यावर सायमननं आजोबांची छिन्नी काढली. रोज पाळी सुटली की तो शिळेला बसायचा. मग एका मिस्सेनंतर (आमच्या पूजेसारखी त्यांची सामुदायिक उपासना) त्यानं ती टेंपोतून आणून सगळ्यांसमोर उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादरांचा चेहरा लाल झाला.

“नको म्हणून सांगितलं होतं ना? भिंतीला हा दगड लागणार नाही,” ते म्हणाले.

“मग कुठं लावू, फादर?”

“पायरीला लावा! लोकांच्या पायाखाली जाऊ दे ते नाव.”

दुसऱ्या दिवशी सायमननं शिळा खरोखरच पायरीला बसवली, अक्षरं वर करून. तेव्हापासून तो मिस्सेला येत नव्हता.

“आणि गंमत बघ,” मार्था म्हणाली, “नाव पायाखाली जायचं तर राहिलंच. त्यावर पाय द्यायला कुणी तयार नाही. भिंतीवर असतं तर चार दिवसांत लोक विसरले असते. आता रोज नमस्कार होतोय.”

मला हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. एक म्हातारी नातीला घ्यायला आली होती. शेवंताबाई तिचं नाव. बाहेर येताना तिनं पायरी ओलांडायला पाय टाकला, तो पुरला नाही, आणि ती फरशीवर पडली. नात भोकाड पसरून रडू लागली. मार्था धावली. घोटा मुरगळला होता, हाड शाबूत होतं. ओरडा ऐकून चर्चमधून एक उंच, वाकलेला माणूस आला आणि म्हातारीचा पाय हातात धरून जमिनीवर बसला. हे फादर इनास.

“आजी, पायरी आहे ना तिथं! उडी कशाला मारता?” त्यांचा आवाज चढला होता.

“नावावर पाय कसा देऊ, बाबा?” शेवंताबाई कण्हत म्हणाल्या. “तुमचं नाव हाय ते. पाप लागंल मला.”

सिस्टर रोझनी शेवंताबाईंच्या घोट्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता मान वर न करता म्हटलं, “फादर, भिंतीवर असतं तर कुणी पडलं नसतं.”

“मी नाव नको म्हणालो, सिस्टर. यात माझं चुकलं काय?”

“नाव नको म्हणालात ते बरोबर. पण सायमननं ते हातानं कोरलं होतं. त्याच्याकडे बघायला तुम्हाला वेळ झाला नाही. तुम्ही तुमच्या नावाकडेच बघत राहिलात.”

मी तिथे परकी होते, त्यामुळे भिंतीवरचं मुलांचं चित्र बघायला लागले. फादरांनी शेवंताबाईंना रिक्षात बसवून दिलं आणि ते चर्चमध्ये निघून गेले. मला त्या माणसाचा रागच आला. नम्र माणसं इतकी हट्टी असतात, हे मला नवीन होतं.

निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी होता. रविवार नव्हता. सातपूरच्या कामगारांना ज्या दिवशी सुट्टी, तोच दिवस मुद्दाम धरला होता. मिस्सा झाली, आवारात मांडव, खुर्च्या, हार, शाल. मांडवामागे मोठ्या पातेल्यात मटण शिजत होतं. माझा नारळ तिथेच खर्ची पडला, कारण वसईच्या माणसाला वाटणात नारळ लागतो असं मार्थानं ठरवलं. भाषणं सुरू झाली. ‘सेवामूर्ती’ हा शब्द येऊन गेला. फादर खुर्चीत अवघडून बसले होते आणि सारखे फाटकाकडे बघत होते.

सायमन फाटकाबाहेर उभा होता. आत यायचं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. मार्थानं मला कोपरानं ढोसलं. फादर उठले, कुणीतरी माइक पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला आणि गळ्यात हार तसाच घेऊन फाटकापाशी गेले. मांडव शांत झाला, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू आलं.

“सायमनभाऊ, मी चुकलो,” ते म्हणाले. “राग मला माझ्या नावाचा आला आणि काढला तुमच्यावर. इतक्या लोकांसमोर तुमच्या कामाला पायाखाली घाला म्हणालो. आता त्याच लोकांसमोर माफी मागतो.”

सायमन खाली बघतच म्हणाला, “तिच्यासाठी कोरलं होतं मी. ती म्हनायची, फादरांचं उपकार कसं फेडायचं.”

“हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.” फादरांनी पायरीकडे हात केला. “दगड तुमचा आहे. भिंतीत लावायचा तर लावा. माझं नाव राहू द्या. मी काही बोलणार नाही.”

मला वाटलं, सायमन आता शिळा भिंतीत लावणार. माझ्या मनानं त्याचीच बाजू घेतली होती. सायमन पाळणाघरामागे गेला आणि पहार घेऊन आला. त्यानं पायरीच्या कडेला पहार घातली. दोघं-तिघं पुढे झाले. फादर गळ्यातला हार काढून गुडघ्यांवर बसले आणि त्यांनीही हात लावला. शिळा उचलली गेली. सायमननं तिच्यावरची माती पंज्यानं पुसली, वेलीवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाला, “पालथी घाला.”

“सायमनभाऊ, मी खरंच…”

“तुम्ही माझं ऐकून घेतलं, फादर. माझं झालं. नाव हाय आत. मला ठाऊक हाय, तिला ठाऊक हाय. बास.” मग मांडवाकडे वळून जरा दटावूनच म्हणाला, “आणि म्हाताऱ्या मानसांनी उड्या मारायच्या नाय आता. ही खडबडीत बाजू हाय, पाय घसरनार नाय.”

माझे डोळे भरून आले, हे इथे लिहून टाकते. मार्था तर सरळ रडत होती. मग जेवणं झाली. बाजरीची भाकरी आणि मटण. सायमननं फादरांच्या ताटात स्वतः रस्सा वाढला, आणि फादर ‘तिखट आहे’ म्हणून त्याच्यावर पुन्हा ओरडले. दोन बॅगा घेऊन ते संध्याकाळच्या एसटीनं गेले.

परतीच्या गाडीत मी आमच्या शाळेचा विचार करत होते. तिथे प्रत्येक बाकावर, पंख्यावर, घड्याळावर देणाऱ्याचं नाव आहे. इतकी वर्षं मी त्याखाली शिकवलं, त्यातलं एकही मला आठवेना. सांगलीत उतरले तेव्हा वहिनी दारातच होत्या.

“नारळ वाढवला ना?”

“वाढवला,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

महिन्याभरानं मार्थाचा फोन आला. नवे फादर आले आहेत, तरुण आहेत, गाणी छान म्हणतात. शेवंताबाईंचा पाय बरा आहे.

“आणि पायरी?” मी विचारलं.

“आता कुणाला काही वाटत नाही. बायका धडाधड चढतात, पोरं तिच्यावर बसून खाऊ खातात. नव्या फादरांना तर खाली काय आहे हे माहीतही नाही.” मग म्हणाली, “सायमन सुट्टीच्या दिवशी पाळणाघरातल्या मोडक्या वस्तू दुरुस्त करायला येतो. तो तेवढा अजून ओलांडून जातो.”