अदलाबदलीला नेलेला वरवंटा

बायांनो, मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. चुका तिच्या, शहाणपण माझं.

आज सकाळी आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत अदलाबदलीचं दुकान लागलं. नको ती वस्तू ठेवायची, हवी ती उचलायची. सून म्हणाली, "आई, तो वरवंटा द्या ना. मिक्सर आल्यापासून नुसता बसून आहे." म्हटलं, मग मलाही ठेव टेबलावर!

वरवंटा ठेवते न ठेवते तोच बी विंगमधली एक मुलगी धावत आली. "आजी, हा मी घेऊ? रविवारी भाचीचं बारसं आहे. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात ना, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाकडेही नाही."

माझा हात काही वरवंट्यावरून सुटेना.

नव्वद सालच्या सुमाराला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, लेकीच्या बाळाच्या बारशासाठी मी हाच वरवंटा धुऊन, कुंची घालून ठेवला होता. आदल्या दिवशी बाळ गेलं. कुंची मीच उतरवली. पुढे त्यानेच चटणी वाटत राहिले. दुसरा कुठून आणणार?

"पोरी, याला चीर गेलीय," असं खोटंच सांगून मी तो परत आणला. ती बिचारी म्हणाली, "मग पाण्याची बाटलीच घालू."

दगडाचा काय दोष, हे मलाही कळतं. तरी त्या बाळाच्या आधी हा पाळण्यात जायला नको. तुमच्यापैकी कुणाकडे असा वरवंटा आहे का, ज्याच्यामागून पाळण्यात गेलेली पोरं आज धडधाकट आहेत? रविवारच्या आत तिला नेऊन द्याल?