दोन बोटांनी मोठा केलेला फोटो

दुपारच्या चहानंतर आम्ही दोघं सोफ्यावर बसून मोबाइलवर हॉटेल निवडत होतो. लग्नाला तीस वर्षं होतायत, तर दोन दिवस एखाद्या महागड्या ठिकाणी राहायचंच, हा माझा हट्ट. मला दरीकडे उघडणारी बाल्कनी हवी होती, मेणबत्त्यांच्या उजेडातलं जेवण हवं होतं. बायको मात्र एकेक हॉटेल नापास करत होती. "पडदे किती भडक आहेत!" "इथे फार गर्दी असेल हो." हिला हौस म्हणून नाहीच, असं मनात येऊन मी चिडलोसुद्धा.

मग तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. दोन बोटं फाकवून ती फोटो मोठा करत होती, पण दरीचा नाही, बाल्कनीकडे जाणाऱ्या पायऱ्यांचा. ओठ हलत होते. ती पायऱ्या मोजत होती. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. पण गुडघ्याचं नाव तिनं एकदाही काढलं नाही, खापर फोडलं ते बिचाऱ्या पडद्यांवर.

"हे घेऊ या," ती अखेर म्हणाली. "बाथरूममध्ये धरायला दांडी आहे."

आपल्यासाठी कुणी इतक्या निगुतीनं दांडी शोधावी, याहून मोठी चैन मला तरी ठाऊक नाही.

बुकिंग करताना हॉटेलनं विचारलं, खोलीत गुलाबाच्या पाकळ्या अंथरायच्या का?

"नको," ती म्हणाली, "पाय घसरेल तुमचा."

मी लिहिलं, "हव्यात. फक्त पलंगावर."