खिडकीतला उदास शॉट

जोगेश्वरीत पार्लर चालवणाऱ्या एका केनियन बाईसोबत मी माहितीपट करत होतो. काय ठेवायचं, काय कापायचं ते तीच ठरवणार, हा नियम माझाच. ती खिडकीत उदास बसलीय, हा माझा लाडका शॉट तिने पहिल्या झटक्यात उडवला. "मी अशी कधी बसते रे? गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं." त्या जागी तिने, मी तो शॉट घेत असतानाच स्वतःच्या मोबाइलवर टिपलेला शॉट लावला. त्यात मी तिला सांगतोय, "जरा बाहेर बघ, घर आठवल्यासारखं."

चॅनेलवाले म्हणाले, हे काढा, तुमचीच शोभा होतेय. मी म्हटलं, होऊ दे, काढणार नाही. अख्ख्या फिल्ममध्ये खोटं वागणारा माणूस एकच आहे. तो दिसलाच पाहिजे.